हैतीची राज्यक्रांति : पुढारी आणि अनुयायी

गांजलेल्या लोकांनीं बंड केलें, कीं इतिहासकाराची दृष्टि प्रथम त्यांच्या पुढाऱ्याकडे वळते. पुढाऱ्याचें नांव ग्रंथांत येतें, त्याचे पुतळे उभारले जातात. आणि त्याच्या मागून चालणारे हजारों लोक 'अनुयायी' या एकाच शब्दांत गुंडाळले जातात. परंतु हे लोक त्याच्या मागून गेले ते कसे? त्यांना कोणी विचारलें होतें काय? मागें राहण्याची, वेगळ्या वाटेनें जाण्याची, किंवा पुढाऱ्यालाच 'नाहीं' म्हणण्याची त्यांना मोकळीक होती काय? धन्याच्या जुलमाविरुद्ध उभा राहिलेला पुढारी आपल्या माणसांना निवडीचा खरा अधिकार देतो, कीं जुन्या धन्याच्या आज्ञेच्या जागीं आपली आज्ञा आणून ठेवतो? हा प्रश्न जितका राजकारणाचा तितकाच नीतीचा आहे. आणि त्याचें उत्तर निव्वळ तत्त्वचर्चेंत शोधण्यापेक्षां प्रत्यक्ष घडलेल्या एखाद्या बंडांत शोधणें अधिक श्रेयस्कर. त्या दृष्टीनें हैतीच्या राज्यक्रांतीइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल. कारण गुलामांनीं बंड करून स्वतःचें स्वतंत्र राज्य स्थापन केल्याचा आधुनिक इतिहासांतील तो एकमेव प्रसंग होय.

हैती म्हणजे कॅरिबियन समुद्रांतील हिस्पानिओला बेटाचा पश्चिमेकडील सुमारे एक-तृतीयांश भाग. १६९७ च्या तहानें तो फ्रान्सकडे आला, आणि सां-दोमिंग या नांवानें फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत बनला. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत खपणारी सुमारे दोन-पंचमांश साखर आणि निम्म्याहून अधिक कॉफी या एवढ्याशा भूमींतून जात असे. हें वैभव ज्यांच्या पाठीवर उभें होतें, ते जवळजवळ ५ लाख आफ्रिकी गुलाम होते. गोऱ्यांची संख्या ३० ते ४० हजार, आणि मुक्त असे कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय लोक सुमारे ३० हजार. गुलामांपैकीं बहुसंख्य लोक आफ्रिकेंत जन्मलेले होते. कारण मळ्यावरील जिणें इतकें कठोर, कीं जन्मांपेक्षां मृत्यु अधिक होत, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं दरवर्षीं जहाजें भरभरून माणसें आणावीं लागत. १६८५ च्या 'काळ्या कायद्या'नें गुलामाला जंगम मालमत्ता ठरविलें होतें. केव्हां उठावें, काय पेरावें, कोठें राहावें, यांपैकीं एकाही गोष्टीची निवड त्याच्या हातीं नव्हती. म्हणूनच बंडानें त्याला काय दिलें हें मोजतांना केवळ साखळी तुटली कीं नाहीं एवढें पाहून भागत नाहीं. हिरावून घेतलेली ही निवड त्याच्या हातीं परत आली कीं नाहीं, हेंही पाहावें लागतें.

१७९१ च्या ऑगस्ट महिन्यांत उत्तरेकडील मळ्यांवरचे मुकादम आणि गाडीवान गुप्तपणें एकत्र जमले, आणि २२ तारखेच्या रात्रीं उसाचे मळे पेटले. कांहीं आठवड्यांतच शेंकडों मळ्यांची राख झाली व बंडखोरांची संख्या हजारोंच्या घरांत गेली. पहिला पुढारी बुकमन त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मारला गेला, आणि सूत्रें ज्यां-फ्रांस्वा व बियासू यांच्या हातीं आलीं. असंख्य गुलाम आपण होऊन बंडांत शिरले यांत शंका नाहीं. पण कचरणाऱ्यांना धाक घालून ओढून नेल्याचींही उदाहरणें आहेत. मळ्यावर राहावें तर उपासमार, गोऱ्यांकडे जावें तर संशयाची गोळी, आणि बंडांत जावें तर फांशीचें भय, अशा स्थितींत सामान्य गुलामासमोर 'निवड' होती असें म्हणणें धाडसाचेंच ठरेल.

त्याच वेळीं ब्रेदा येथील मळ्यावर तूसां नांवाचा पन्नाशीच्या आसपासचा एक माणूस होता. तो पूर्वीं त्या मळ्यावर गाडीवान होता. बंडापूर्वीं कांहीं वर्षें अगोदरच त्याला मुक्तता मिळाली होती, आणि एके काळीं त्यानें गुलामांसह एक लहानसा मळा खंडानें करून पाहिला होता. बंड पेटल्यावर हा गृहस्थ तत्काळ त्यांत उडी घेता झाला नाहीं. त्यानें मळ्याच्या व्यवस्थापकाच्या पत्नीला सुरक्षित ठिकाणीं पोंचविलें, स्वतःच्या बायकामुलांची सोय लाविली, आणि मगच तो बंडखोरांच्या छावणींत दाखल झाला. पुढें 'लूवेर्त्यूर' हें नांव धारण करून जगप्रसिद्ध झालेला तूसां तो हाच. विचार करून, वेळ पाहून, आपला मार्ग आपण निवडण्याची सवड त्याला मिळाली. ती सवड त्याच्या अनुयायांना कितपत मिळाली, हाच पुढील इतिहासाचा मर्मभाग आहे.

या प्रश्नाची पहिली कसोटी तीन-चार महिन्यांतच लागली. नोव्हेंबरच्या अखेरीस फ्रान्सहून शासनाचे तीन प्रतिनिधि आले आणि तहाची बोलणीं सुरू झालीं. ज्यां-फ्रांस्वा व बियासू यांनीं जी मागणी केली ती वाचून मन चकित होतें. पुढाऱ्यांपैकीं सुमारे ४०० जणांना मुक्तता व सर्वांना क्षमा मिळावी. त्या बदल्यांत उरलेल्या हजारों लोकांना मळ्यांवर परत पाठविण्याचें काम आपण करूं, अशी ती मागणी होती. या बोलण्यांत तूसांचाही हात होता, आणि ४०० चा आंकडा उतरवीत ६० पर्यंत आणण्यास पुढाऱ्यांची तयारी झाली. ज्यांच्या नांवानें हें सारें चाललें होतें त्यांना कोणी विचारलें नव्हतें. उलट, आपले लोक सहजासहजीं परत जाणार नाहींत, आपल्याला दगा झाला असें ते म्हणतील, अशी भीति पुढाऱ्यांनींच आपल्या पत्रांत व्यक्त केली होती. ती भीति खरी होती. गोऱ्या कैद्यांना सोडण्यासाठीं नेत असतां वाटेंत बंडखोरांचा जमाव खवळून चालून आला व पहारेकऱ्यांना तो मोठ्या कष्टानें आवरावा लागला. शेवटीं वसाहतीच्या गोऱ्या सभेनेंच उद्दामपणानें हा तह झिडकारला. गोऱ्यांचा गर्व थोडा कमी असता, तर हैतीच्या गुलामांना त्यांच्याच पुढाऱ्यांनीं पुन्हां मळ्यावर नेऊन सोडलें असतें.

पुढें १७९३ सालीं फ्रान्स आणि स्पेन यांच्यांत युद्ध जुंपलें, तेव्हां हे सर्व पुढारी स्पेनच्या सेवेंत शिरले. स्पेननें त्यांना हुद्दे दिले, पदकें दिलीं. ज्यां-फ्रांस्वा आणि बियासू यांनीं तर पकडलेल्या कृष्णवर्णीय बायकामुलांना स्पॅनिश व्यापाऱ्यांना विकण्यापर्यंत मजल मारली. तह झाल्यावर ज्यां-फ्रांस्वा स्पेनमध्यें आणि बियासू फ्लोरिडांत जाऊन राहिला. त्याच सुमारास, २९ ऑगस्ट १७९३ रोजीं, फ्रेंच प्रतिनिधि सोंतोना यानें उत्तर प्रांतांतील गुलामगिरी रद्द केल्याचें जाहीर केलें. आणि ४ फेब्रुवारी १७९४ ला पॅरिस येथील राष्ट्रसभेनें सर्वच फ्रेंच वसाहतींत ती रद्द केली. तूसां स्पेनला सोडून फ्रान्सकडे आला तो त्यानंतरच्या मे महिन्यांत. या मुक्ततेचें श्रेय नीट वांटलें पाहिजे. पुढारी थोड्यांच्या मुक्ततेवर समाधान मानावयास तयार होते. सर्वांची मुक्तता अटळ झाली ती, मळ्यावर परत जाण्यास ज्या अनाम लोकांनीं सतत नकार दिला, त्यांच्या हट्टामुळें.

आतां गुलाम कायद्यानें मुक्त झाला. परंतु मुक्त माणसानें काय करावें, हें ठरविणार कोण? १७९४ च्या प्रारंभीं पोलव्हेरेल या दुसऱ्या फ्रेंच प्रतिनिधीनें या बाबतींत एक मोठा लक्षणीय प्रयोग केला. मळ्यावरील मजुरांनीं आठवड्यांतून सहा दिवस काम करावें कीं पांच, हें त्यांनींच ठरवावें, असें त्यानें जाहीर केलें. मात्र पांच दिवस पत्करल्यास उत्पन्नांतील त्यांचा वांटा निम्म्यावर येणार होता, आणि स्त्रियांचा वांटा पुरुषांच्या दोन-तृतीयांश ठेवला होता. मजुरांनीं या दोन पर्यायांपैकीं एक निमूटपणें उचलला नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ते शनिवारीं शेतावर आलेच नाहींत. आपल्या झोपडीमागच्या तुकड्यांत रताळीं व केळीं लावूं लागले. स्त्रियांनीं विचारिलें, काम सारखें तर वांटा कमी कां? निवड देणाऱ्यानें प्रश्न आखून दिला होता. मजुरांना तो प्रश्नच मान्य नव्हता. मळ्यासाठीं किती दिवस राबावें याची निवड त्यांना नको होती, तर मळ्यासाठीं राबावें कीं स्वतःच्या शेतासाठीं, याची निवड हवी होती.

पुढील सहा वर्षांत तूसां लूवेर्त्यूर याचें सामर्थ्य सतत वाढत गेलें. १७९८ मध्यें त्यानें इंग्रजांना वसाहतींतून माघार घ्यावयास लाविलें, १८०० पर्यंत दक्षिणेंतील प्रतिस्पर्धी रिगो याचा पाडाव केला, आणि १८०१ च्या जानेवारींत बेटाचा पूर्वभागही ताब्यांत घेतला. एकेकाळचा गुलाम साऱ्या बेटाचा शास्ता झाला. त्याच्या कर्तृत्वाविषयीं दुमत नाहीं. पण १२ ऑक्टोबर १८०० रोजीं त्यानें जो हुकूम काढला त्यानें त्याच्या अनुयायांची स्थिति उघड झाली. शेतमजूर हे सैनिकांप्रमाणेंच शिस्तीस बांधलेले आहेत, परवानगीवांचून त्यांनीं मळा सोडतां कामा नये, सोडल्यास पळपुट्या सैनिकाप्रमाणें शिक्षा होईल, असा तो हुकूम होता. उत्पन्नाचा चौथा हिस्सा मजुरांचा. चाबूक कायद्यानें गेला. परंतु देखरेखीस असलेल्या सेनापति देसालीनच्या शिपायांच्या काठ्या राहिल्याच. १८०१ च्या फेब्रुवारींत ५० कारोपेक्षां, म्हणजे सुमारे १६० एकरांपेक्षां, लहान जमिनीच्या खरेदीविक्रीस मनाई झाली. चार-सहा मजुरांनीं आपली पुंजी एकत्र करून जमिनीचा लहानसा तुकडा घ्यावा, ही वाटही त्यामुळें बुजली. त्याच वर्षाच्या जुलैंत राज्यघटना प्रसिद्ध झाली. गुलामगिरी या भूमींत कायमची नष्ट झाली आहे, असें तिनें घोषित केलें, तें तिचें अक्षय भूषण होय. पण ती लिहिणाऱ्या दहा जणांच्या सभेंत पूर्वीं गुलाम असलेला एकही मनुष्य नव्हता. तूसां तहहयात शास्ता, आपला वारस नेमणाराही तोच. आणि मळा म्हणजे एक कुटुंब असून मळेवाला त्याचा पिता, असें तिनें मजुरांना सांगितलें.

तूसांची बाजूही समजून घेणें अवश्य आहे. भोंवतालच्या सर्व वसाहतींत गुलामगिरी नांदत होती. इंग्लंड, स्पेन व फ्रान्स यांपैकीं कोणाचें आरमार कोणत्या दिवशीं किनाऱ्याला लागेल याचा नेम नव्हता. बंदुका आणि दारूगोळा अमेरिकन व्यापाऱ्यांकडून घ्यावयाचा, तर त्याच्या बदल्यांत साखर व कॉफी द्यावी लागे. आणि रताळ्याच्या वाफ्यांतून कांहीं साखर निघत नाहीं. मजुरांना मोकळें सोडलें तर मळे ओस पडतील, मळे ओस पडले तर सैन्य उपाशी राहील, आणि सैन्य मोडलें तर गुलामगिरी परत येईल, अशी ही विचारमालिका आहे. तिच्यांतील एकही दुवा खोटा नाहीं. परंतु हीच विचारमालिका जर त्यानें आपल्या लोकांसमोर ठेवली असती, अमुक वर्षें इतकें राबा, मग जमीन तुमची, असा कांहीं करार त्यांच्याशीं केला असता, तर त्या श्रमांना निवडीचें रूप आलें असतें. कारण सांगितलेलें कष्ट आणि कारण न सांगतां लादलेलें कष्ट, यांत हाताला फरक जाणवत नसेल; मनाला जाणवतो.

हा दुरावा १८०१ च्या ऑक्टोबरांत रक्तरूपानें प्रकट झाला. उत्तरेकडील ज्या भागांत दहा वर्षांपूर्वीं पहिलें बंड झालें होतें, त्याच भागांतले मजूर पुन्हां उठले, व त्यांनीं सुमारे अडीचशें गोऱ्यांना ठार केलें. या वेळचें बंड तूसांच्या राज्याविरुद्ध होतें. त्या प्रांताचा सेनापति मोईझ हा तूसांचा पुतण्या म्हणून मानलेला, मजुरांचा लाडका, आणि सामान्य सैनिकांना लहान जमिनी द्याव्यात अशा मताचा. आपल्याच वर्णाच्या लोकांचा मारेकरी आपण होणार नाहीं, अशा आशयाचें त्याचें बोलणें लोकांच्या तोंडीं होतें. देसालीन व क्रिस्तोफ यांनीं बंड निर्दयपणें मोडलें. मोईझवर चिथावणीचा आरोप ठेवण्यांत आला, आणि नोव्हेंबरांत त्याला गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. ज्याला गुलामांचा मुक्तिदाता म्हणून जग ओळखत होतें, त्याच्या राज्यांत मुक्त झालेल्या माणसाला 'नाहीं' म्हणण्याची किंमत प्राणांनीं द्यावी लागली.

या घटनेनंतर तीन महिने होतात न होतात तोंच नेपोलियननें पाठविलेलें प्रचंड आरमार, सेनापति लक्लेर याच्या आधिपत्याखालीं, किनाऱ्याला लागलें. त्याचा अंतस्थ हेतु कृष्णवर्णीयांची सत्ता मोडण्याचा होता. तूसांनें लोकांना लढावयास हांक दिली. परंतु पुष्कळ ठिकाणीं मजूर जागचे हालले नाहींत. ज्यानें कालपर्यंत शिपाई पाठवून मळ्यावर डांबलें, तोच आज स्वातंत्र्य धोक्यांत आहे म्हणून सांगतो, तर कोणाचें खरें मानावें, हें त्यांना उमगेना. 'ब्लॅक जॅकोबिन्स' या १९३८ सालच्या आपल्या विख्यात ग्रंथांत सी. एल. आर. जेम्स यांनीं तूसांचें मोठेपण मुक्तकंठानें गाइलें आहे. पण आपल्या लोकांना विश्वासांत घेऊन त्यानें कांहीं समजावून दिलें नाहीं, हाच त्याचा घात करणारा दोष, असा निर्णयही त्यांनीं दिला आहे. १८०२ च्या एप्रिल-मे महिन्यांत क्रिस्तोफ, तूसां आणि देसालीन क्रमाक्रमानें शरण आले. अटी काय? सेनानींचे हुद्दे कायम राहावेत, आणि तूसांनें आपल्या मळ्यावर स्वस्थ राहावें. मजुरांनीं पुन्हां कामाला लागावें, हें ओघानेंच आलें. १७९१ च्या डिसेंबरांतील बोलण्यांची छाया या तहावर स्पष्ट दिसते. जूनमध्यें फ्रेंचांनीं दगा देऊन तूसांला पकडलें व फ्रान्सला नेलें. जहाजावर चढतांना त्यानें म्हटलें, कीं तुम्ही केवळ बुंधा तोडला आहे, मुळें खोल आहेत व तीं पुष्कळ आहेत. ७ एप्रिल १८०३ रोजीं झुरा पर्वतांतील थंड किल्ल्यांत त्याचा अंत झाला.

मुळांविषयीं तो जें बोलला तें मात्र अक्षरशः खरें ठरलें. त्या उन्हाळ्यांत फ्रेंचांनीं मजुरांच्या बंदुका काढून घेण्यास प्रारंभ केला, आणि ग्वादलूप बेटांत गुलामगिरी परत आल्याची वार्ता येऊन थडकली. आतां कोणाच्या भाषणाची आवश्यकता राहिली नाहीं. डोंगराडोंगरांतून मजुरांच्या टोळ्या उठल्या. सां-सूसी, मकाया, सिला असे त्यांचे म्होरके होते. पैकीं पुष्कळ जण आफ्रिकेंत जन्मलेले, फ्रेंच दरबाराशीं ज्यांचा कधीं संबंध आला नाहीं असे. आणि त्याच वेळीं देसालीन व क्रिस्तोफ हे नामांकित सेनापति फ्रेंचांच्या बाजूनें या टोळ्यांचा पाठलाग करीत होते! लोकांचा निर्धार मोडत नाहीं असें दिसून आल्यावर, ऑक्टोबर १८०२ मध्यें, हे सेनापति बाजू बदलून बंडांत आले. येथें अनुयायी पुढें होते आणि पुढारी मागून आले. परंतु मागून आलेल्यांनीं आल्याबरोबर नेतृत्व मागितलें. सां-सूसीनें तें मानण्यास खळखळ केली. तेव्हां क्रिस्तोफनें त्याला भेटीस बोलावून ठार करविलें. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तियेर येथें फ्रेंचांचा शेवटचा पराभव झाला, आणि १ जानेवारी १८०४ रोजीं देसालीननें स्वातंत्र्याची घोषणा केली.

स्वतंत्र हैतींतही मळ्याचा प्रश्न सुटला नाहीं. देसालीननें मजुरांना मळ्यांशीं जखडून ठेवलें. १८०६ मध्यें त्याचा खून झाला. उत्तरेंत क्रिस्तोफ राजा झाला. त्यानें सक्तीच्या श्रमांनीं प्रासाद व किल्ले उठविले, आणि १८२० मध्यें बंड होतांच आत्महत्या केली. दक्षिणेंत पेत्यों यानें १८०९ पासून जमिनीचे लहान तुकडे वांटले, आणि लोकांच्या मनांत तो आदरानें राहिला. १८२६ मध्यें अध्यक्ष बोये यानें पुन्हां एक कडक शेतीकायदा करून मजुरांना मळ्यावर आणूं पाहिलें. पण तो कायदा बव्हंशीं कागदावरच राहिला. लोक सभेंत उठून विरोध करीत नव्हते. ते डोंगराकडे चालूं लागले. जेथें जमीन मिळाली तेथें त्यांनीं झोपडी बांधली, कॉफीचीं चार झाडें व रताळ्यांचे वाफे लाविले, आणि भाऊबंद एका अंगणाभोंवतीं वस्ती करून राहिले. साखरेचे ते जगप्रसिद्ध मळे ओसाड झाले.

या निवडीची किंमत थोडी नव्हती. राज्याचें उत्पन्न घटलें. आणि १८२५ मध्यें मान्यता देण्याच्या बदल्यांत फ्रान्सनें लादलेल्या १५ कोटि फ्रँकांच्या दंडानें हा देश पिढ्यान्‌पिढ्या कर्जांत बुडाला. मळे टिकले असते तर हैती अधिक संपन्न झाला असता, असें म्हणणारे आजही आहेत. तें खरेंही असेल. पण तो हिशोब ज्यांच्या घामानें मांडावयाचा होता, त्यांना तो कोणत्याही पुढाऱ्यानें कधीं दाखविला नाहीं.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर काय? हैतीच्या पुढाऱ्यांनीं अनुयायांना शौर्य दिलें, शिस्त दिली, जगांतील बलाढ्य सैन्यांशीं झुंजण्याची युक्ति दिली. हें ऋण लहान नव्हे. परंतु निवड त्यांनीं क्वचितच दिली; बहुतेक वेळां ती अनुयायांनींच आपल्या नकारानें घेतली. १७९१ मध्यें मळ्यावर परत जाण्यास नकार, १७९४ मध्यें शनिवारच्या कामास नकार, १८०२ मध्यें बंदुका देण्यास नकार, आणि स्वातंत्र्यानंतर साखरेस नकार, अशी ही एक अखंड परंपरा आहे. पुढारी निवड देतो कीं नाहीं, याची परीक्षा त्याच्या घोषणांवरून होत नाहीं. आपल्या मागून न येणाऱ्या माणसाशीं तो कसा वागतो, यावरून ती होते. तूसांच्या थोरवीपुढें जगानें मान लवविली ती योग्यच होय. मात्र ती लवविलेली असतां मोईझचें आणि सां-सूसीचें स्मरण ठेवणें, हें न्यायाला धरून होईल.